बापट वजा करून

येरवड्याला राहणाऱ्या माणसाला नदीपलीकडचे लोक पत्ता विचारतात, तेव्हा उत्तर ऐकल्यावर ते एक छोटा विराम घेतात. त्या विरामात तुरुंग असतो. सभ्य माणसं तो विराम गिळतात. सरांनी गिळला नाही. संशोधनासाठी मुलाखत द्यायला मी त्यांच्यासमोर बसले, त्यांनी कुठे राहता म्हणून विचारलं, मी येरवडा म्हटलं, आणि त्यांनी अत्यंत शांतपणे विचारलं, "आत की बाहेर?"

समितीतल्या बाकीच्या दोघांनी कागदांत डोकी खुपसली. मी म्हटलं, बाहेर.

"मग बाहेरून आतलं किती कळतं?"

"भिंत दिसते. टोले ऐकू येतात."

"आपल्याकडे उलटं आहे," सर म्हणाले. "आपण सगळे आत आहोत आणि बाहेर कोणी जाऊन आलेलं नाही. तरी इमारतीचा नकाशा काढायचाय. टोले ऐकूनच. जमेल?"

मी बघते म्हटलं. पुढे कळलं की बाकीच्या सगळ्या उमेदवारांनी 'हो' म्हटलं होतं आणि त्यामुळे त्यांची निवड झाली नव्हती.

आकाशगंगेच्या अभ्यासाची याहून चांगली व्याख्या मला नंतर कोणत्याही भाषेत मिळाली नाही. आकाशगंगेत सगळीकडे हायड्रोजनचा विरळ वायू पसरलेला आहे आणि तो ठरावीक सुरात, फार बारीक आवाजात गुणगुणत असतो, असं समजा. वायू आपल्याकडे येत असेल तर सूर किंचित चढतो, लांब जात असेल तर उतरतो. त्यावरून कुठला वायू कुठे असेल ते ठरवायचं. युरोपात एक मोठी रेडिओ दुर्बीण होती, ती हे ऐकायची. चार-पाच देशांतले नवखे संशोधक मिळून त्या ऐकलेल्याचा अर्थ लावायचे. त्यातले काही पुण्यात, सरांच्या हाताखाली. या सगळ्याला एक भारदस्त इंग्रजी नाव होतं, सर त्याला 'भिशी' म्हणायचे.

रेडिओ लहरी ऐकायला अंधार लागत नाही, आणि सरांनी खगोलशास्त्र निवडण्याचं ते मुख्य कारण होतं, असं त्यांच्या पत्नीचं म्हणणं. साडेनऊला त्यांच्या घरातला दिवा बंद व्हायचा. आकाशाकडे त्यांनी कधी बघितलेलं कोणी बघितलेलं नव्हतं. एका कोजागिरीला त्यांच्या इमारतीतल्या लोकांनी त्यांना जबरदस्तीनं गच्चीवर नेलं, हातात मसाला दुधाचा पेला दिला आणि तारे दाखवा म्हणाले. सरांनी बराच वेळ मान वर करून एका ठिपक्याकडे बोट दाखवलं. मुलं सरसावली. "हे विमान आहे," सर म्हणाले. "लोहगावला उतरेल." मग दूध संपवून ते झोपायला गेले. ते विमानच होतं, एवढं त्यांच्या बाजूनं म्हणता येईल.

विशेषणांवर त्यांचा राग होता. माझ्या पहिल्या लेखात मी आकाशगंगेला 'विराट' म्हटलं, तर त्यांनी बोलावून विचारलं, विराट म्हणजे किती, सातारा की सोलापूर? पाहुण्या व्याख्यात्याला प्रत्येक विद्यार्थ्यानं एक प्रश्न विचारलाच पाहिजे हा नियम होता, पण 'आपलं व्याख्यान फार सुंदर झालं' अशी सुरुवात केली तर तो प्रश्न धरला जायचा नाही. सुंदर झालं हे त्यांना माहीत असतं, ते ऐकायलाच ते एवढ्या लांबून येतात, असं सरांचं मत.

परदेशी माणसांशी पत्रव्यवहार कसा करावा हेही ते शिकवायचे. तेव्हा संस्थेत ईमेल नुकतं नित्याचं झालं होतं. युरोपातले आमचे प्रमुख, ज्यांना आम्ही आपसांत 'मोठे साहेब' म्हणायचो, ते कधीच कुणाला चूक म्हणत नसत, 'इंटरेस्टिंग' म्हणत. नवीन मुलगा 'इंटरेस्टिंग' वाचून आठवडाभर हवेत असे. सर त्याला जमिनीवर आणत. "इंटरेस्टिंग म्हणजे चूक. व्हेरी इंटरेस्टिंग म्हणजे मोठी चूक. काहीच उत्तर आलं नाही, तर बरोबर असण्याची शक्यता आहे." त्यांची स्वतःची शैली अशी नव्हती. मोठ्या साहेबांनी मोठ्या प्रेमानं पाठवलेल्या एका लेखाला त्यांनी दोन वाक्यांत उत्तर दिलं होतं: पान चार चुकलं आहे. पान पाच हे पान चारवर अवलंबून आहे.

भिशीत पुण्याबद्दल आदर होता, प्रेम नव्हतं.

सरांची खरी अडचण वेगळी होती. त्यांच्याकडची मुलं टिकत नसत. मोठाले आकडे संगणकावर चाळायला ती शिकली की कुठलीतरी सॉफ्टवेअर कंपनी त्यांना अलगद उचलायची. देश खुला झाला होता, हिंजवडीला शेतात काचेच्या इमारती उगवत होत्या, आणि आकाशगंगेच्या कडा शोधणारा मुलगा एका दिवसात अमेरिकेतल्या कुठल्याशा बँकेची व्याजं शोधू लागायचा. जाताना प्रत्येक जण सरांना पेढे आणून द्यायचा. सर पेढा खाऊन "नोटीस किती दिवसांची?" एवढंच विचारायचे. तो बाहेर गेला की म्हणायचे, "पेढे चांगले होते. मुलगाही बरा होता."

मी रुजू झाल्याच्या वर्षी त्यांना डॉक्टरांनी मधुमेह सांगितला. सरांनी आम्हा उरलेल्या तिघांना खोलीत बोलावलं आणि सांगितलं की उदारीकरणाची त्यांच्या शरीराला मानवेल तेवढी फळं खाऊन झाली आहेत. "मला साखर झालीय. यापुढे कोणी सोडून जायचं नाही."

तरी दोघं गेले. एकानं सुकामेवा आणला होता.

आता गॅलरीची गोष्ट. भिशीतली नवी मुलं दर हिवाळ्यात प्रशिक्षणासाठी पुण्यात जमायची. इतर ठिकाणी अशा प्रशिक्षणात व्याख्यानं असतात. सरांनी पहिल्याच सकाळी आम्हाला शनिवार पेठेतल्या आपल्या घरी नेलं आणि दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत बसवलं. मी होते, हॉलंडचा यान नावाचा एक प्रचंड उंच मुलगा होता, आणखी तिघं होती. समोर इमारत आली होती, त्यामुळे गॅलरीतून समोरचं दुकान आणि रस्त्याचा एक तुकडा, एवढंच दिसायचं. सरांनी एक मोठा कागद अंथरला आणि सांगितलं, आसपासच्या भागाचा नकाशा काढा. उठायचं नाही, खाली जायचं नाही. वाहनांचे हॉर्न ऐका. जवळ येणाऱ्याचा सूर चढा असतो, गेलेल्याचा उतरतो. आकाशगंगेत हेच करायचंय, फक्त तिथे पोहे मिळत नाहीत.

पोहे काकूंनी केले होते. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. त्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या होत्या, पण हे फक्त शाळेला माहीत होतं.

आम्ही कान देऊन बसलो. यान होकायंत्र घेऊन उभा राहिला की खालून त्याचं कमरेपासून वरचं सगळं दिसायचं. पाच तरुण, त्यात गोरे, कागद, होकायंत्र, आणि एकसारखं रस्त्याकडे बघून खुणा करणं. पेठेनं याचा अर्थ लावायला फार वेळ घेतला नाही. दुपारी खालचा वाणी, त्याच्या शेजारचे छत्रीदुरुस्तीवाले आणि आणखी चारपाच जण वर आले. दारातच वाण्यानं सरांना विचारलं, "किती फूट जाणार?"

"कशातले?"

"आमच्या ओट्यातले. रस्तारुंदीचा सर्व्हे चाललाय ना?"

सरांनी खरं ते सांगितलं. रस्त्याशी यांचा काही संबंध नाही, ही मुलं आकाशगंगेची आहेत.

मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. छत्रीवाले म्हणाले, "आकाशगंगा म्हणजे स्कीमचं नाव आहे का?"

"नाव आहे," सर म्हणाले.

"टू बीएचके?"

"अहो, ती आधीपासूनच आहे. तुम्ही आतच राहता."

यावर मंडळी तडक खाली उतरली, आणि संध्याकाळपर्यंत पेठेत बातमी झाली की परदेशी बिल्डरनं कागदोपत्री सगळं आधीच करून ठेवलंय. दुसऱ्या दिवशी ओट्यांवर एक सूचना लागली: 'येथे माप घेऊ नये. घेतल्यास ते चुकीचे समजले जाईल.' सरांना ती इतकी आवडली की तिची एक प्रत त्यांनी संस्थेतल्या आपल्या टेबलामागे लावली.

पण नकाशा तयार झाला, आणि तो सुबक झाला. गल्ल्या बऱ्यापैकी जागच्या जागी आल्या होत्या. विशेष म्हणजे मारुतीच्या देवळामागून येणारा एक रुंद, सरळ, चौपदरी रस्ता आम्ही शोधून काढला होता. तिकडून स्कूटर येण्याचं प्रमाण फार होतं. एक गेली की दुसरी, दुसरी गेली की तिसरी, हॉर्नही सगळ्यांचे एकाच जातीचे, घसा बसलेले. यानचं म्हणणं, ही बहुधा कारखान्याची पाळी सुटण्याची वाट असावी. आम्ही त्या रस्त्याला लाल रंग दिला.

चहा घेऊन आलेल्या काकूंनी कागदावर वाकून पाहिलं. "हा एवढा रस्ता कुठला?"

मी समजावून सांगितलं. किती स्कूटर, कुठून, कशा. तेवढ्यात आणखी एक आली. काकूंनी कठड्यावरून खाली पाहिलं आणि कप वाटता वाटता म्हणाल्या, "अगं, तो बापट आहे. जागा शोधतोय."

बापट शेजारच्या इमारतीत राहायचे. सम तारखेला रस्त्याच्या एका बाजूला गाड्या लावायच्या आणि विषम तारखेला दुसऱ्या, हा नियम त्यांना मान्य होता, पण तारीख कधी मान्य नव्हती. त्यामुळे रोज ते रिकाम्या जागेच्या शोधात चौकाला प्रदक्षिणा घालायचे. आमचा चौपदरी रस्ता म्हणजे एकटे बापट होते, पुन्हा पुन्हा आलेले.

सर एवढे खूश झालेले मी आधी पाहिले नव्हते आणि नंतरही एकदाच पाहिले. त्यांनी प्रशिक्षण त्याच क्षणी संपल्याचं जाहीर केलं. पाच दिवसांचा कार्यक्रम छापलेला होता, पण शिकवण्यासारखं आता काही उरलेलं नाही, असं ते म्हणाले, आणि यानला लाल रस्ता खोडायला लावला.

तेव्हापासून आमच्यात 'बापट' हा शब्द रूढ झाला. जे बाहेर नाहीच, एकच गोष्ट फिरून फिरून आपल्याकडे आल्यामुळे जे आपल्याला वेगळं वाटतं, ते बापट. हॉलंडला गेल्यावरही यान ईमेलच्या शेवटी विचारायचा, बापट तपासलास ना?

पुढच्या वर्षी मी ढग शोधला.

आकाशगंगेच्या अगदी कडेला, जिथे काही असायला नको, तिथे हायड्रोजनची एक लांबट पट्टी माझ्या नकाशात उमटली. नवा फाटाच म्हणा ना. तोपर्यंत गोष्टी अशा होत्या: सरांकडे मी एकटीच विद्यार्थिनी उरले होते. या वर्षी काही ठोस निघालं नाही तर भिशीतला पुण्याचा भाग बंद करू, असं मोठ्या साहेबांनी फार सौम्य इंग्रजीत कळवलं होतं. आणि घरी वडील, जे टपाल खात्यातून निवृत्त झाले होते, ते मला रोज सकाळी नोकरीची जाहिरात असलेलं पान वर करून पेपर द्यायचे. बोलायचे काही नाहीत. आमच्या घरातली शिकलेली पहिली पिढी वडिलांची, त्यांनी रात्रशाळा करून मिळवलेलं होतं सगळं, आणि मुलगी सव्विसाव्या वर्षी वायू ऐकते हे नातेवाइकांना सांगताना त्यांना शब्द सापडत नसत. मला एका कंपनीनं बोलावलं होतं. तिथलं उत्तर महिनाअखेर द्यायचं होतं. थोडक्यात, तो ढग खरा असणं ही आमची सगळ्यांचीच गरज होती.

संचालकांना तर ती गरज सर्वांत जास्त वाटली. आमचे संचालक हे शाल आणि श्रीफळ यांच्या मधे राहणारे गृहस्थ होते. भिशीची वार्षिक बैठक त्या वर्षी पुण्यातच होती. त्यांनी लगेच मंत्र्यांच्या कार्यालयात फोन केला आणि प्रवेशद्वारावर लावायला फ्लेक्स छापून घेतला: 'आकाशगंगेवर पुण्याचा झेंडा!' झेंडा कशावर रोवणार, वायूवर? पण हे विचारायला तिथे सर नव्हते, ते जेवायला घरी गेले होते.

सरांनी माझा नकाशा उलटसुलट पाहिला. मग म्हणाले, "अहो, मोजमापं दिवाळीतली आहेत. मे महिन्यातली कुठे आहेत?"

यामागचा अर्थ मला कळला. दुर्बिणीची थाळी जिकडे रोखावी तिकडचंच ऐकते, असं आपण धरून चालतो. खरं तर तिला कडेनंही थोडं ऐकू येतं, पंगतीत शेजारच्या पानावरचं बोलणं ऐकू यावं तसं. आकाशगंगेचा मधला भाग गजबजलेला असतो, त्याचा गलका कडेनं शिरला तर रिकाम्या जागी ढग असल्याचा भास होतो. खरा ढग दिवाळीत आणि मे महिन्यात सारखाच दिसेल. कडेनं आलेला असेल तर ऋतूबरोबर बदलेल, कारण तेव्हा थाळीच्या बगलेत आकाशाचा दुसरा भाग असतो.

"सर, हे खरं निघालं नाही तर पुण्याचा भाग बंद होईल."

"होईल."

"मग?"

सरांनी दाराबाहेरच्या घड्याळाकडे बोट केलं. "हे बंद होतं तोवर कोणी फसत नव्हतं. संचालकांनी दुरुस्त करून घेतल्यापासून मी दोनदा बस चुकवलीय." मग डब्यातून बडीशेप काढली आणि आणखी कुठलाही उपदेश न करता ते दुसऱ्या कागदाकडे वळले.

जुनी मोजमापं मागवून काढलेल्या मे महिन्याच्या नकाशात माझा फाटा नव्हता. त्या जागी भलतीकडेच वळलेला, वेगळाच एक पुसट डाग होता.

बैठकीच्या दिवशी फ्लेक्स लागलेला होता. मोठे साहेब, यान, इतर देशांतली मंडळी, पहिल्या रांगेत मंत्र्यांचा प्रतिनिधी, आणि संचालकांच्या मांडीवर घडी घातलेली शाल. मी दोन्ही नकाशे शेजारी शेजारी पडद्यावर लावले. बरंच तयार केलं होतं बोलायला, पण तोंडून आलं ते एवढंच, "धिस इज बापट."

यानचं डोकं सगळ्यांच्या वर असल्यामुळे ते खाली गेलेलं सगळ्यांना दिसलं. तो हसत होता की हळहळत होता, कळलं नाही. मोठ्या साहेबांनी विचारलं, बापट म्हणजे काय? तेव्हा सर उठले आणि त्यांनी अतिशय गंभीरपणे, इंग्रजीत, शनिवार पेठेतली पार्किंगची व्यवस्था समजावून दिली. सम तारीख, विषम तारीख, देऊळ, चौक. मंत्र्यांच्या प्रतिनिधीनं वहीत काहीतरी टिपून घेतलं.

मोठे साहेब बराच वेळ दोन्ही नकाशांकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "व्हेरी इंटरेस्टिंग."

मला वाटलं, संपलं. पण त्यांचा आवाज माझ्यासाठी नव्हता. त्यांनी यानला विचारलं, दोन वर्षांपूर्वी आपण गाजावाजा करून जाहीर केलेली ती वायूची कमान, तिची मोजमापं कुठल्या महिन्यातली? यान म्हणाला, फक्त ऑक्टोबरमधली. मग नुसती खुर्च्यांची कुरकुर.

चहाच्या आधीच ठरलं. ती कमान, आणि यापुढे भिशीतला प्रत्येक नकाशा, जाहीर होण्याआधी पुण्यात तपासून घ्यायचा. पुण्याचा भाग बंद होणार नव्हता, वाढणार होता. तीन जागा मिळाल्या, त्यातली एक मला देऊ केली. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्याचं काम जगानं अधिकृतपणे, लेखी, पुण्याला दिलं. सर म्हणाले, उशीर झाला, पण योग्य माणसांकडे आलं.

घरी वडिलांनी विचारलं, म्हणजे नक्की काम काय? मी म्हटलं, लोकांच्या चुका काढायच्या. ते म्हणाले, "त्याला पगार देतात?" आणि दुसऱ्या दिवसापासून पेपर सरळ घडीचा मिळू लागला.

फ्लेक्स वाया गेला नाही. सायकलस्टँडचं छप्पर गळत होतं, तिथे तो ताणून बसवला. आकाशगंगेवरचा पुण्याचा झेंडा नंतर कितीतरी पावसाळे शिपायांच्या सायकली कोरड्या ठेवत होता.

बापटांपर्यंत ही बातमी जरा वळणानं गेली. एके दिवशी ते स्वतः संस्थेत आले आणि सरांच्या खोलीत उभ्यानंच म्हणाले, "माझ्या नावानं तारा काढलाय म्हणे?"

"तारा नाही," सर म्हणाले. "चूक आहे."

बापटांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "कुठवर पोचलीय?"

"हॉलंड, जर्मनी. चिलीतही वापरतात."

"मग असू दे," बापट म्हणाले.

आता तर हा शब्द मूळ माणसापासून सुटा झाला आहे. परदेशातली मुलं 'डिबापट', म्हणजे बापट वजा करणे, असं क्रियापद सर्रास वापरतात, आणि एकानं तर आपल्या प्रबंधात 'बापट' हे पाच इंग्रजी शब्दांचं संक्षिप्त रूप असल्याचं सांगून ते पाचही शब्द दिलेत. बरेच शास्त्रीय आहेत. मी दुरुस्त केलं नाही. चुका काढणं माझा धंदा आहे, पण बापटांच्या बाबतीत हात आखडतो.

कंपनीला नाही म्हणून कळवलं त्या संध्याकाळी मी पेढे घेऊन शनिवार पेठेत गेले. सर गॅलरीत बसले होते. माझ्या हातातला खोका पाहून ते वर्तमानपत्रामागे गेले. काकूही दारात थांबल्या. मग पेपरमागून आवाज आला, "कुठली कंपनी?"

"कुठलीच नाही, सर. राहतेय."

पेपर खाली आला. मी मघाशी म्हटलं ना, ते आणखी एकदाच तेवढे खूश झालेले पाहिले, ते तेव्हा. त्यांनी काकूंकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं, आणि डॉक्टरांना मनातल्या मनात काय सांगायचं ते सांगून झाल्यावर म्हणाले, "मग अर्धा घेतो."

उरलेला अर्धा काकूंनी वाटीत झाकून ठेवला. खाली घसा बसलेला तो हॉर्न मघापासून वाजत होता, वर आले की बापटांना देऊ म्हणाल्या. आम्ही अंधार पडेपर्यंत वाट पाहिली. हॉर्न फिरत राहिला, ते आलेच नाहीत. तारीख विषम होती.